साहेबांच्या तसबिरीखालची पेटी

ही गोष्ट १९९४ सालची. त्या वर्षी साहेब निवडणूक हरले आणि मी सतरा वर्षांनी उजेड पाहिला.

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. सरकारी नव्हे, एका पक्षाच्या कचेरीतली. सागवानी, वर बोटभर फट असलेली. पक्षातल्याच सुतारकाकांनी मला बनवले. अध्यक्ष निवडायचा तर सभासद चिठ्ठीवर नाव लिहून माझ्या पोटात टाकत. कोणी काय लिहिले, हे मी कधी सांगितले नाही. त्यामुळे हरलेला आणि जिंकलेला एकाच किटलीतला चहा पीत.

मग साहेब पक्षात आले. ते बोलू लागले की अर्धी सभा त्यांना डोक्यावर घेई, उरलेली अर्धी दातओठ खाई. एकदा मतदान अर्ध्यावर आले असताना ते म्हणाले, आपल्या माणसांत लपवाछपवी कशाला, हात वर करा. टाकलेल्या चिठ्ठ्या तरी मोजा, असे सुतारकाका म्हणाले, तर त्यांना त्याच दिवशी पक्षातून काढले. कचेरी सांभाळणाऱ्या आक्का त्यांची मुलगी. नोकरी जाईल म्हणून त्या गप्प राहिल्या. हात वर झाले, साहेब अध्यक्ष झाले आणि मला कुलूप लागले. वर साहेबांची तसबीर आली, ती नेमकी माझ्या फटीवर.

सतरा वर्षे अंधार. हात वर होताना खुर्च्या करकरत, तेवढेच कळे. पोटात एकतीस चिठ्ठ्या आणि बोलायची सोय नाही.

साहेब बाहेरची निवडणूक हरल्यावर पक्षाची सभा भरली. त्यांनी अध्यक्ष राहावे की जावे? व्हरांड्यात जो तो तावातावाने बोलत होता. खोलीत आला की स्वतःच्या चपला न्याहाळत होता. उपाध्यक्षांना सगळे होयबा म्हणत. ते म्हणाले, साहेब नको असतील त्यांनी हात वर करा. साहेब समोरच बसलेले. एकही हात हलला नाही.

तेव्हा आक्कांनी तसबीर उचलून भिंतीला टेकवली आणि मला टेबलावर ठेवले.

"आक्का, हे काय चाललंय?" साहेबांनी विचारले.

"बाबांची पेटी आहे. सतरा वर्षं अडकलीय. मीही."

कुलूप निघाले. चिठ्ठ्यांचा कसरीने भुगा केला होता. एकही नाव वाचता येईना. होयबांना हायसे वाटले. आक्कांनी मला पालथे करून झाडले आणि कोरे कागद वाटले.

"जुनं गेलं. आता लिहा."

मोजणी झाली. राहावे, सेहेचाळीस. जावे, त्रेचाळीस. साहेब जिंकले होते. पण ते त्या त्रेचाळीस चिठ्ठ्यांकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग चष्म्याचे घर उचलून मागच्या दाराने निघून गेले. आठवड्यात राजीनामा आला.

साहेब पुढे वर्तमानपत्रांना पत्रे लिहीत. क्वचित एखादे छापून येई. होयबा जिंकलेल्या पक्षात गेले, तिथेही उपाध्यक्ष झाले. सुतारकाका तोवर हयात नव्हते. आक्कांनी सभासदांच्या यादीत त्यांचे नाव पुन्हा लिहवून घेतले. पक्ष लहान राहिला, पण भांडून चहा पिऊ लागला. आता आक्का निवृत्त झाल्या आहेत. परवा नव्या अध्यक्षांची तसबीर आली आणि जागा शोधता शोधता माझ्यावर विसावली.

मित्रांनो, वर्गाचा मॉनिटर निवडताना कोणी नुसते हात वर करा म्हणाले, तर मला आठवा. माझी फट बोटभरच आहे. तिच्यावर काही ठेवू नका.