जिता माणूस

"जिवंत किती काढले?" इंदापूरच्या कचेरीतल्या कारकुनाने पुन्हा विचारलं.

तात्याबाने डावा कान पुढे केला. "एकेचाळीस काढली. समदी मढीच. पोलीसपाटील बोलवायचे, आन् मी बुडी मारायचो."

"मढ्यांचं नाही हो. बुडणाऱ्याचा जीव वाचवणाऱ्यांना दहा हजार द्यायचं सरकारनं मंजूर केलंय. सरपंचांनी तुमचं नाव धाडलं, पण वाचलेल्या माणसाचं सहीनिशी लिहून आणा. एक असला तरी चालेल."

एक होती.

बारा वर्षांपूर्वी नरसिंहपूरच्या संगमावर छबूबाईने स्वतःहून उडी घेतली होती. तात्याबाने तिला ओढून काढलं, त्याच्या बायकोने, सारजाने, आपलं लुगडं नेसवलं. "माझं नाव कुठं काढू नका, दादा," एवढंच ती म्हणाली होती. दोघांनी ते पाळलं.

"आता जा तिच्याकडं," सारजा म्हणाली. "बुड्या मारून एक कान गेला, दुसरा वाहतोय. डॉक्टर आपरेशन सांगतोय. तिची एक सही तर पायजे."

तात्याबा एस.टी.ने काटेवाडीला गेला. छबूबाई वांगी तोडत होती. त्याला बघितलं आणि तिच्या हातातली पाटी खाली आली. बांधावरून सासूने विचारलं, "कोण पाव्हणं?"

छबूबाई पाटी उचलायला वाकली.

"वांग्याचं रोप बघाया आलोय," तात्याबा म्हणाला.

सासूने चहा पाजला. नातीला बघायला उद्या पाहुणे येणार म्हणून म्हातारी खुशीत होती. "सून लई गुणाची हाय बगा आमची," ती म्हणाली. छबूबाईने मान वर केली नाही.

फाट्यापर्यंत ती मागोमाग आली. "दादा, खरं काय काम काढलंत?"

"काय न्हाय. बरी हायस न्हवं?"

"हाय."

एवढ्यात गाडी आली.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने फाईल उघडली. "मिळाला का कुणी जिवंत?"

"एकबी न्हाय."

"मग नाव कमी करतो."

"करा."

महिन्याभराने चावडीवर यादी लागली. गावातून एकच नाव होतं, सरपंचांच्या पुतण्याचं. त्याला पोहता येत नव्हतं. सारजाने यादी दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीसपाटील दारात आले. "तात्याबा, टेंभुर्णीचं पोरगं बुडालंय. आई सकाळपासनं घाटावर बसलीय."

"जाऊ नका," सारजा म्हणाली. "त्या पुतण्याला धाडा म्हणावं."

तात्याबाने सदरा काढून खुंटीला अडकवला आणि तो घाटाकडे निघाला.

तिसऱ्या बुडीला पोरगं हाताला लागलं. आईने टाहो फोडला. तात्याबाने प्रेत तिच्यापुढे हळूच ठेवलं, उघडे डोळे मिटवले, आणि तो बाजूला जाऊन खोकत बसला. हवालदार गुडघ्यावर कागद ठेवून पंचनामा लिहीत होता. लिहिता लिहिता तो मोठ्याने म्हणाला, "ग्रामस्थांच्या मदतीने प्रेत पाण्याबाहेर काढण्यात आले."

तात्याबा पायरीवर धोतर पिळत होता. त्याला काही ऐकू आलं नाही.