बेचाळीस अंशांवर

आमचा प्रयोग दर वेळी बिघडत होता, आणि माझा संशय सरळ नणंदेवर होता. लॅबच्या चाव्या तिघांकडेच: सर, मी आणि ती. सर कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतील? मग राहिलं कोण?

ती माझ्याच शब्दावर इथे लागलेली, राहायलाही आमच्याकडेच. पण बाई महा आतल्या गाठीची. फोनवर बोलत असली आणि मी आले की गप्प! असल्या माणसावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

काम तसं सोपं. जिवाणू एकाचे दोन होण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करतो. ती कधी सुरू करायची, हे एक प्रथिन ठरवतं. ते पुरेसं साठलं की डीएनएच्या एका ठरावीक जागी बसून दोन धागे सुटे करतं, आणि नक्कल सुरू. आमच्या जिवाणूंचं हे प्रथिन मुळातच लेचंपेचं. बेचाळीस अंशांवर हात टेकतं, जरा गार झालं की पुन्हा कामाला लागतं. म्हणून आधी जिवाणूंचा फ्लास्क इनक्युबेटरमध्ये गरम ठेवून सगळ्यांना अडवायचं, मग गार करून सगळ्यांची सुरुवात एकदम करायची.

आणि दर वेळी बघावं तर निम्मे जिवाणू आधीच नकला करत सुटलेले! कुणीतरी मध्येच फ्लास्क गार करत होतं. इनक्युबेटर सांभाळायचं काम नणंदेचं. सर म्हणाले, "आता बिघडलं तर तिला काढावं लागेल." नवऱ्याला काय तोंड दाखवणार होते मी? पण संशय काही जाईना.

पुन्हा तेच झालं. सरांनी दोघींना बोलावलं.

"मी दारसुद्धा उघडलं नाही हो, सर," नणंद रडवेली होऊन म्हणाली.

"तुम्ही लक्ष ठेवून होतात ना?" सरांनी मला विचारलं.

"डोळ्यांत तेल घालून!" मी म्हटलं. "आजच नाही, पहिल्या प्रयोगापासून. ही जरा बाजूला गेली की मी फ्लास्क बाहेर काढायचे. उजेडात धरायचा, हिने काही घातलंय का बघायचं, पातळीवर केलेली खूण जुळवायची, मग परत आत. एकदाही चुकवलं नाही."

"बाहेर किती वेळ असायचा?"

"नीट बघून होईपर्यंत," मी म्हटलं.

खोलीतला एसी घरघरत होता. अगं बाई, मीच! माझ्याच हातांनी!

सर नणंदेकडे वळले. "तू कुठेही जायचं नाहीस. उद्यापासून काम तुझं, आणि चावीही फक्त तुझ्याकडे."

तिने डोळे पुसले, पर्स खांद्याला अडकवली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

"कामाचं उद्या बघू, सर," ती म्हणाली. "आज मला वहिनीच्याच घरी जायचंय."