उन्हातून आलेलं दूध

मी बाळाला झोपवायची एक जुनी झोळी आहे. पण मित्रांनो, जुनी म्हणून नाक मुरडू नका हं! मोगराबाईचं लग्नातलं लाल लुगडं विरलं, तेव्हा त्याची दुहेरी घडी घालून तिने मला शिवलं. मोलगी गावाच्या वरच्या डोंगरात तिचं शेत आहे. तिथे बांधावरच्या मोहाच्या फांदीला मला बांधायचे. मोगराबाईची सगळी पोरं माझ्यातच झोपली. तिचा होळ्या तर असे पाय झाडायचा की माझी शिवणच उसवायची!

मग होळ्याचं बाळ माझ्यात आलं, आमशा. त्याची आई मयूरी निंदणीला गेली, की मी वाऱ्यावर डुलायचे आणि तो माझा काठ चोखत बसायचा. इतका गोड!

पण एक गोष्ट मला फार सलायची. उन्हात राबलेल्या बाईचं दूध तापतं आणि पोराला बाधतं, असं मोगराबाई मानायची. मयूरी घामाघूम होऊन धावत यायची, तर सासू म्हणायची, "आधी पिळून टाक. सावलीत बस, अंग थंड होऊ दे." चांगलं दूध मातीत जायचं. इकडे आमशा रडून रडून थकायचा आणि उपाशीच झोपायचा. मयूरी मागे वळून बघत पुन्हा निंदायला जायची. मला ओरडावंसं वाटायचं, पण कापडाला कुठला आवाज? दिवसेंदिवस तो मला हलका लागू लागला.

एका संध्याकाळी होळ्याने मला खांद्यावर घेतलं आणि हसत म्हणाला, "मयूरे, यात पोरगं घातलंस की नुसता वारा?"

मोगराबाईने आत हात घातला. बाळाच्या कमरेला तिनेच बांधलेला काळा करदोटा सैल होऊन गुडघ्यापर्यंत घसरला होता. बराच वेळ तिने हात बाहेर काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मयूरी आली आणि सवयीने दूध पिळू लागली. मोगराबाईने तिचा हात धरला.

"सांडू नको. पाज त्याला."

"पण मी आत्ताच उन्हातून आले..."

"ऊन माझ्याच डोक्यात गेलं होतं, पोरी! पाज. तुझी ओळ मी निंदते."

आमशा असा तुटून पडला म्हणून सांगू! गटागटा प्यायला, दम खायला थांबला, पुन्हा प्यायला.

तो सहा महिन्यांचा झाल्यावर त्याला ज्वारीची मऊ पेज सुरू झाली, पण आईचं दूध कुणी तोडलं नाही. पेज आजी भरवायची आणि तो फुर्र करून तिच्याच तोंडावर उडवायचा!

आता तो चालतो. मी खुंटीवर असते, जरा धूळ खाते. पण मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. तुमची काकी, वहिनी शेतातून बाळाकडे धावत आली, तर तिच्या हातातलं खुरपं आधी तुम्ही घ्या. निंदण थोडं थांबलं तरी चालतं. बाळाची भूक थांबत नाही.