कांताकाकूंचा नंबर

मित्रांनो, मी सागाच्या लाकडाचा, तीन पायांचा, आता गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी उभा असलेला एक जुना घोडा आहे. दचकू नका, मला शेपूट नाही. चित्रकार ज्याच्यावर कॅनव्हास टेकवून चित्र काढतो, ती लाकडी चौकट म्हणजे मी. दुकानात मला ईझल म्हणतात. पण माझे मालक शिवराम सर मला पहिल्या दिवसापासून घोडाच म्हणत आले आणि घरात तेच नाव रुळले.

माझा जन्म कल्याणचा. अण्णा नावाच्या सुतारांनी दाराच्या चौकटीच्या उरलेल्या लाकडातून मला घडवले. त्यांनी आयुष्यात ईझल पाहिली नव्हती. सरांनी कागदावर काढून दिलेल्या आकृतीवरून त्यांनी अंदाज बांधला आणि माझा डावा पाय बोटभर आखूड राहिला. मी डुगडुगू लागलो तसे सर चिडले. पण नुकत्याच लग्न होऊन आलेल्या कांताकाकूंनी एका लग्नपत्रिकेची घडी घातली आणि माझ्या पायाखाली सरकवली. मी गप्प उभा राहिलो. पुढे ती घडी चपटी झाली की त्या न सांगता नवी ठेवायच्या. किती जणांच्या लग्नांवर मी उभा राहिलो, त्याला गणती नाही.

सर ठाकुर्लीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी माणसांची चित्रे काढायचे. माणूस समोर बसवूनच काढायचे. तरी कोणी ना कोणी गेलेल्या माणसाचा रेशन कार्डावरचा पुसट फोटो घेऊन यायचेच. एकदा दिवा गावाहून महेंद्र नावाचे गृहस्थ आईचा फोटो घेऊन आले.

“सर, चेहरा जरा हसरा करा ना.”

“हसत होत्या तेव्हा का नाही आणलंत हो त्यांना बसायला?” सर कडाडले. “या फोटोवरून मला काय कळणार? खळी कुठल्या गालावर पडायची, एवढं तरी सांगा.”

महेंद्रांनी आधी उजव्या गालाला बोट लावले, मग डाव्या. त्यांना सांगता येईना.

ते गेल्यावर चहाचा कप ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, “आणि माझं कधी काढताय?”

“अगं, तू कुठे पळून चाललीयेस? आधी बाहेरची कामं होऊ देत.”

“म्हणजे माझा नंबर शेवटचा.”

“घरच्यांचा नंबर शेवटीच असतो.”

काकू हसल्या, एका गालावर खळी पडली. रोज सकाळी फडक्याने मला पुसताना त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर असायचा. तो सरांपेक्षा मीच अधिक पाहिला असेल. कोणी कॅमेरा काढला की मात्र त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या, कारण पुढचा एक दात वाकडा होता. हसणाऱ्या कांताकाकू कुठल्याच फोटोत नाहीत.

सर निवृत्त झाले त्या वर्षी माझे बिजागर तुटले. शेजारच्या विकीच्या टेम्पोतून सरांनी आणि काकूंनी मला ठाण्याला, चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात नेले. दुकानदार म्हणाला, “काका, हे बिजागर आता मिळत नाही. नवीनच बघा.”

मग सर नवीन बघू लागले. ॲल्युमिनियमच्या एका घडीच्या ईझलला त्यांनी तळहाताने हलके ढकलले. ती लगेच मागे सरली. “हिच्यावर ब्रश टेकवला तर भिंतीला जाऊन लागेल,” ते म्हणाले. दुसरी टेबलावरची होती, त्यांच्या छातीलाही पोचेना. तिसरी चांगली जाडजूड, चार पायांची, बाजूला मूठ असलेली. मूठ फिरवली की कॅनव्हासची फळी वर-खाली सरकायची. सरांनी मूठ फिरवली. पुन्हा फिरवली. लहान मुलासारखे ते हसू लागले.

“अहो, नुसतं काय फिरवताय?” काकू प्लास्टिकच्या स्टुलावर बसत म्हणाल्या. “मी बसते समोर. काढून बघा आणि मग ठरवा.”

दुकानदाराने एक कागद लावून दिला. सरांनी फळी काकूंच्या डोळ्यांच्या उंचीवर आणली आणि कोळशाने रेषा ओढल्या. कपाळ आले, अंबाडा आला, कान आला. काकूंना हसू आवरेना आणि हसूसुद्धा कागदावर आले. पाचेक मिनिटांत सर थांबले.

“घोडा पक्का! कांता, याच्यावर पहिलं चित्र तुझं.”

घाईघाईत नवा घोडा टेम्पोत चढला. मी त्याच्या कुशीत आडवा. कागद दुकानातच राहिला.

नव्याचे फार कौतुक झाले. विकीला मूठ चार वेळा फिरवून दाखवली गेली. मी गॅलरीत आलो. काकू माझ्यावर फडकी वाळत घालायच्या, पण आधी हात फिरवून, माफी मागितल्यासारखे. सरांनी माझ्याकडे पाठ फिरवली याचा मला राग आला. आजही आहे. पण खरा राग वेगळाच आहे.

पहिले चित्र एका लग्नाच्या हॉलच्या मालकाचे झाले. दुसरे एका डॉक्टरांचे. एका रविवारी काकू डाळिंबी साडी नेसून स्टुलावर येऊन बसल्यासुद्धा. तेवढ्यात सरांचा फोन वाजला, कुणीतरी भेटायला येणार होते. “पुढच्या रविवारी नक्की गं,” सर म्हणाले. काकूंनी साडीची घडी घालून ठेवली. असे किती रविवार गेले! मग मे महिन्यात त्यांना ताप आला आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

शोकसभेच्या हॉलमध्ये फोटो ठेवायला घोडा हवा होता. नवा जड, एकट्या विकीला जिन्यातून उतरवता येईना. विकीने माझे बिजागर सुतळीने आवळले आणि मला नेले. माझ्यावर काकूंचा आधार कार्डावरचा, मोठा करून आणलेला फोटो होता. डोळे विस्फारलेले, ओठ मिटलेले. माझ्या पायाखाली घडी ठेवायचे कुणाच्या ध्यानात आले नाही. पंख्याच्या वाऱ्याने मी सभाभर डुगडुगत होतो.

तेराव्यानंतर सरांनी नव्या घोड्यावर कॅनव्हास चढवला आणि मूठ फिरवून बरोबर उंचीवर आणला. कपाळ आले, अंबाडा आला. गालापाशी ब्रश थांबला. त्यांनी पुण्याला मुलीला फोन लावला.

“योगिनी, आईच्या कुठल्या गालावर खळी पडायची गं?”

“बाबा, हे तुम्ही मला विचारताय?” ती रडू लागली. “उजव्या... नाही, थांबा. डाव्या? मला नाही हो आठवत.”

दुसऱ्या दिवशी सर ठाण्याच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला होता, “काका, ते कागद आम्ही रोज संध्याकाळी टाकून देतो.”

तो कॅनव्हास तसाच आहे. कपाळ, अंबाडा, आणि खाली पांढरे. सर त्याच्यासमोर बसतात आणि मूठ फिरवून फळी उगाच वर-खाली करतात.

मित्रांनो, खळी डाव्या गालावर पडायची. मला पक्के ठाऊक आहे. पण मी लाकूड, सांगू कसे? तुम्हाला मात्र डोळे आहेत. रोज तुमचा डबा भरणारे, तुमचे दप्तर उचलून ठेवणारे जे कोणी घरात असेल, त्याला आज समोर बसवा. चित्र काढता येत नसेल तर नुसते बघा. डावा की उजवा, एवढे तरी बघून ठेवा. आणि ‘तुझा नंबर शेवटी’ असे घरात कुणालाही म्हणू नका.