रोज चार मिनिटं पुढे

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना गल्लीत सगळे घड्याळकाका म्हणत. हौसेला मोल नसतं म्हणतात. काकांची हौस अंतराळाशी नातं सांगणाऱ्या जुन्या घड्याळांची. रॉकेट सुटताना उलटी मोजणी करणाऱ्याचं एक, यानाचे सांधे जोडणाऱ्या कारागिराचं एक, अशी सहा जमली होती. डबीतला सातवा कप्पा तेवढा रिकामा होता. पडलेल्या दाताकडे जीभ जावी तसं त्यांचं लक्ष तिथे जाई.

"सहा घड्याळं बाळगता, पण जेवायला एकदाही वेळेवर नाही," काकू म्हणायच्या.

त्या सकाळी दोन बस बदलून काका एका बाईंकडे पोचले. त्यांचे यजमान वर्षापूर्वी गेले होते. उपग्रहांच्या केंद्रातली भलीमोठी अँटेना ताऱ्यांवर रोखून तपासणं, हे त्यांचं जन्मभराचं काम.

बाईंनी घड्याळ टेबलावर ठेवलं. "आधीच सांगते, बिघडलेलं आहे. रोज चार मिनिटं पुढे पळतं. आमचे हे काटे मागे घेऊ द्यायचे नाहीत, दुरुस्तीला देऊ द्यायचे नाहीत. मी अजून किल्ली देते, सवयीने. न्या तुम्ही, घरातली कटकट जाईल."

काकांना त्या चार मिनिटांचं गुपित लगेच कळलं. गप्प बसलं की घड्याळ खिशात; तोंड उघडलं की गेलं. पण चाळीस वर्षं पोरांना शिकवलेलं तोंड, ते कुठलं गप्प बसतंय.

"वहिनी, हे बिघडलेलं नाही. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात. हे घड्याळ ताऱ्यांच्या वेळेवर लावलंय, मुद्दाम."

बाईंनी घड्याळ स्वतःकडे ओढलं.

"म्हणजे त्यांचंच बरोबर होतं?"

"अगदी बरोबर."

"ते सांगायला लागायचे हो. मी म्हणायचे, आधी दुरुस्त करून आणा, मग सांगा." त्यांनी घड्याळ उचलून स्वतःच्या मनगटावर बांधलं. पट्टा सैल होता. घड्याळ घरंगळत कोपरापर्यंत गेलं. "मास्तर, हे नाही द्यायचं मला."

काकांना वाईट वाटलं, नाही कसं? पण त्या ढगळ पट्ट्याकडे बघताना त्याहून जास्त बरं वाटलं.

"बसा," बाई म्हणाल्या. "चहा टाकते. ते ताऱ्यांचं पहिल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

काका त्या दिवशीही जेवायला वेळेवर पोचले नाहीत.