पैलतीरावरचा कुत्रा

आयलाने आपला पेपर ड्रेसलर सरांच्या टेबलावर आपटला. वर लाल शाईत 'नापास' होतं आणि खाली शेरा, 'कादंबरी वाचलेली दिसत नाही.'

"दोनदा वाचलीय सर. टीमच्या बसमध्ये, बाकीच्या घसा फाडून गात होत्या तेव्हा."

"मग कुत्रा मरतो हे कसं निसटलं?" ड्रेसलर म्हणाले. "प्रश्नच तो होता. नावाड्याच्या विधवेचा कुत्रा मरतो, त्यातून लेखिकेला काय सुचवायचंय? सगळ्या वर्गाने एकटेपणा लिहिलं. तू लिहितेस, कुत्रा मेलाच नाही!"

"नाहीच मेला! ती तसं सांगते फक्त. खोटं सांगते. नवरा वारल्यावर कुत्राही तिला सोडून नदीपलीकडच्या शेजारणीकडे राहायला गेला, त्याची लाज वाटते तिला. पुढे शेजारणीच्या पायरीवर तिच्या कुत्र्यासारखाच एक कान तुटलेला कुत्रा झोपलेला असतो. तो कुणाचा मग?"

मागच्या बाकावर आयलाच्याच टीममधली कोरिन खुदकन हसली. तिला 'ए' मिळाला होता. तिने कादंबरी उघडलीसुद्धा नव्हती. इंटरनेटवरचा आयता सारांश परीक्षेच्या आधी डोळ्यांखालून घातला, झालं. शाळेचा नियम असा की एका विषयात नापास झालं तरी सामना खेळायचा नाही, आणि शुक्रवारी डुलूथच्या शाळेशी बर्फावरच्या हॉकीचा सामना होता. आयला गोलरक्षक. म्हणजे वाचणारीने बाकावर बसायचं आणि न वाचणारीने बर्फावर मिरवायचं. आयलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पान दाखवा सर. कुत्रा मरतो ते पान."

ड्रेसलरांनी कपाटातून आपली प्रत काढली. उघडताना तिचा कणा करकरला, नव्याकोऱ्या पुस्तकाचा करकरतो तसा. त्यांनी चार पानं उलटली, मग शेवटून चार. त्यांचे कान लाल झाले होते.

"तुम्हीपण तोच सारांश वाचलाय," आयला म्हणाली. "आणि नापास मी!"

"जागेवर बस, आयला."

ती बसली. बसण्यावाचून काय करणार?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कोच खेळणाऱ्यांची यादी लावायच्या बेतात होत्या. आयला कॅन्टीनमध्ये कोरिनसमोर बसून नुसती खुर्चीला लाथा मारत होती.

"सोड गं," कोरिन बटाट्याचे काप तोंडात टाकत म्हणाली. "कुत्रा मेला असं लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"पण तो मेला नाही!"

खिडकीजवळच्या टेबलावर ड्रेसलर एकटेच बसले होते. सँडविच तसंच पडलेलं, समोर ती कादंबरी, शेजारी वर्गाच्या पेपरांचा गठ्ठा. आयला तडक त्यांच्याकडे गेली.

"सर, यादी लागतेय. माझ्या पेपरचं..."

"थांब," मान वर न करता ते म्हणाले. "आत्ताच ती विधवा खोटं बोललीय."

त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "तुटका कान," ते पुटपुटले. मग ते बोट तसंच पुस्तकात ठेवून उठले आणि कोचच्या खोलीकडे चालू लागले. दोन पावलांवर थबकून परत आले आणि पेपरांचा सगळा गठ्ठा काखेत मारला. "सगळेच परत तपासावे लागणार."

बटाट्याचा काप कोरिनच्या हातातच राहिला.