तिसऱ्या कडव्याला

लाकडी कालथ्याचा पहिलाच फटका धाकट्याच्या कानशिलावर बसला. रक्ताची धार मानेवरून शर्टात उतरली, आणि तरी त्याच्या मनात आलं ते एवढंच, की कालथा मोडला तर आता भांडं खरवडायचं कशानं? पिढीजात धंद्यातली माणसं अशीच असतात. जीव नंतर, अवजार आधी.

"बाबांच्या भांड्यात!" दादा ओरडला. "बाबांच्या भांड्यात आजाऱ्यांचा चोथा फिरवतोस? माझी पाठ वळली की?"

"दादा, ऐकून तरी घे..."

दुसरा फटका खांद्यावर बसला आणि कालथा खरंच मोडला.

घराच्या मागच्या अंगाला त्यांचा आइस्क्रीमचा कारखाना. कारखाना म्हणायचं ते मान म्हणून, खोली एकच. मधोमध बाबांनी घेतलेलं स्टीलचं उभं भांडं, भोवती बर्फ-मिठाच्या पाण्याचं कवच, आत भिंत खरवडत गरगरणारं पातं, वर मोटर आणि पट्टा. झाकण कधीचंच गेलेलं. भिंतीवर घड्याळ नव्हतं, कारण बाबांनी ते लावूच दिलं नव्हतं. मोटर सुरू केली की ते भजन धरत. पाच कडव्यांचं. तिसरं कडवं संपलं की चालत्या भांड्यात दोन बोटं घालून चाखायचं, पाचवं संपलं की माल तयार. देवाचं नाव आणि आइस्क्रीम दोन्ही एकदमच पक्व होतात, असं ते म्हणायचे. बाबा गेले, पण भजन आणि बोटं दादाकडे आली.

बाबांचा तापटपणाही त्याच्याचकडे आला, आणि साखरेचा आजारही. गेल्या वर्षी डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पथ्य पाळलं नाहीत तर पुढच्या वेळी पाय जाईल. त्याच्या पुढचं मी बोलत नाही." दादाने घरात मोठा गाजावाजा करून चहातली साखर सोडली, आणि इथे दर भांड्यातून दोन बोटं भरून दाट, गोड आइस्क्रीम पोटात जातच राहिलं. कोणी हटकलं की म्हणायचा, "चाखणं म्हणजे काय खाणं का रे?"

शेवटी वहिनीने जिन्यात धाकट्याला गाठलं. "भाऊजी, ते माझं ऐकणार नाहीत, देवाचं ऐकणार नाहीत. चाखणं सुटायचं नाही त्यांचं. मग चाखायचं तेच बदला ना तुम्ही! मला त्यांना खुर्चीत ढकलत न्यायचं नाहीये हो."

म्हणून दुपारी दादा झोपला की धाकटा कामाला लागायचा. डाग पडलेली पिकी केळी सोलून गोठवायची, काहींचा पेरू आणि आंबट दह्याबरोबर लगदा करायचा, नि साखरेचा कणही घालायचा नाही. पहिली दोन भांडी दगड झाली. तेव्हा त्याला उमगलं, की साखरच मालाला मऊ ठेवते. ती नसली की लगदा पाच कडवी वाट बघत नाही. दुसऱ्या कडव्याला मोटर बंद केली तर मऊ, लोण्यासारखा. तिसऱ्यापर्यंत थांबलं तर भिंतीला चिकटून पाषाण. कोणी ऐकू नये म्हणून तो ओठांतल्या ओठांत दोन कडवी गुणगुणायचा आणि थांबायचा.

आज पायाच्या ठणक्याने दादाला लवकर जाग आली, आणि घात झाला.

कालथ्याचा तुकडा फेकून त्याने धाकट्याची मान धरली, भांड्याच्या काठावर डोकं आपटलं. ओठ फुटला. तोंडात रक्त आणि दाताची कपची एकदमच आली. राग चढला की माणसाच्या अंगात दहा माणसांचं बळ येतं आणि एकाचीही बुद्धी राहत नाही, तसं झालं होतं त्याचं. लंगडत्या पायाचा माणूस, पण तरण्याबांड भावाला त्याने पोत्यासारखं भिंतीवर भिरकावलं.

"बघू काय होतं तुझ्या चोथ्याचं!" लगद्याची बादली त्याने भांड्यात पालथी केली. "पाच कडव्यांनी बाहेर काढतो आणि तुझ्याच नरड्यात कोंबतो. चाखतोसुद्धा! कोणी म्हणायला नको की न चाखताच नावं ठेवली."

मोटर घरघरली. दादाने दातओठ खात भजन धरलं. एवढ्या संतापातही सूर सुटला नाही. जन्मभराची सवय ती.

"दादा, दोन कडव्यांनंतर बंद कर!" धाकटा भिंतीला धरून उठला. "साखर नाही त्यात, ते लवकर..."

दादाने गाता गाताच त्याच्या तोंडावर मूठ हाणली. कडव्याच्या मधल्या श्वासात गरजला, "मेल्या, भजन अर्धं सोडायला सांगतोस मला?"

दुसरं कडवं सरलं. मोटरचा आवाज जड झाला. तिसऱ्याच्या मध्यावर पातं अडकलं, पट्टा ताणून थरथरायला लागला, रबर जळल्याचा वास सुटला. दादाने कडवं पुरं केलं, आणि नेमानं दोन बोटं आत घातली. हाताला लागला दगड.

"हे बघ, म्हटलं नव्हतं!" असं म्हणत त्याने तो दगड उचकटायला मुठीने जोर लावला.

"दादा, हात काढ!"

चिकटलेला थर तडकला. मोकळं झालेलं पातं एकदम फिरलं.

दादाची किंकाळी वरच्या मजल्यावर गेली. पांढरा लगदा क्षणात लाल झाला. पात्याने बोटं घेतली आणि बाही पकडून हात कोपरापर्यंत आत ओढायला लागलं. बटण समोरच्या भिंतीवर, मध्ये बादल्या आणि खोके. तिथवर जाईपर्यंत मनगट उरलं नसतं. धाकट्याने इकडे तिकडे पाहिलं. कालथा मोडलेला. पायाशी गोठवलेल्या केळ्यांचा खोका होता, रात्रभर एकमेकांना चिकटून वीट झालेली केळी. त्याने ती वीट दोन्ही हातांनी उचलली आणि पातं आणि भिंत यांच्यामध्ये सगळ्या अंगानिशी ठोकली.

पातं विटेत रुतलं, करकरलं आणि थांबलं. त्यात साखर असती तर चिरून गेलं असतं.

पट्टा तुटून चाबकासारखा धाकट्याच्या पाठीवर बसला, पण त्याने वीट सोडली नाही. वहिनी धावत आली आणि तिने बटण दाबलं. मग तिने ते भांडं पाहिलं, दोघांना पाहिलं, आणि पदर फाडून दादाचं मनगट करकचून बांधताना एवढंच बोलली, "मारून झालं असेल तर चला आता दवाखान्यात."

दादाची दोन बोटं गेली. चाखायचीच. जखम भरायला साखर उतरायलाच हवी, नाहीतर हातही जाईल, हे डॉक्टरांनी या वेळी वहिनीलाच सांगितलं, दादाला नाही. आणि दादाने या वेळी मान खाली घालून ऐकलं.

घरी आल्यावर बरेच दिवस त्याने कारखान्याचं दार उघडलं नाही. एका दुपारी नवा पट्टा चढवल्याचा आवाज ऐकून तो खाली आला. हात गळ्यात अडकवलेला. धाकट्याच्या ओठावरचा टाक्याचा वण त्याने पाहिला, आणि नजर वळवून स्टुलावर बसला.

"लाव," तो म्हणाला.

धाकट्याने केळी ओतली, बटण दाबलं. दादाने भजन धरलं. पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्याचा पहिला शब्द ओठांवर आला, आणि जन्मात पहिल्यांदाच तो मध्येच थांबला.

"बस. बंद कर."

मोटर थांबली. धाकट्याने चमचा भरून पुढे केला. दादाने तोंड उघडलं, जीभ फिरवली, डोळे मिटले.

"फिकं आहे रे गाढवा. चिमूटभर मीठ घाल पुढच्या वेळी."

"घालतो, दादा."

"आणि झोंबेल इतकं थंड नकोय, दात जातील लोकांचे." त्याची नजर धाकट्याच्या ओठाकडे गेली. "तुझा एक मीच फोडला."

धाकट्याने दुसरा चमचा भरला. दादाने तोही खाल्ला, मग बंद भांड्यावर धड हात ठेवला आणि राहिलेली तीन कडवी, सावकाश, शेवटपर्यंत म्हटली.